आठ वेढे कमी

सोनाबाई खोटं बोलत नाही, असं सगळं वडगाव सांगेल, आणि वडगाव काही चुकीचं सांगत नाही. तोंडानं बाई कधीच खोटं बोलली नाही. तिनं जे काही केलं ते हातानं केलं, आणि तेही सुतावर. आता विणकराच्या घरातल्या बाईनं सुतात लबाडी करावी म्हणजे काय, हे ज्याच्या घरात माग होता त्यालाच कळायचं. बाकीचे म्हणतील, हात्तिच्या, आठ वेढ्यांचं काय एवढं घेऊन बसलाय! तर ऐका.

सोनाबाईचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत पूर्वी खड्ड्याचा माग होता. नवरा, परसू, वारला आणि वर्षाच्या आत मुलानं माग काढून खड्ड्यावर फरशी घातली. "आई, पाय अडकून पडशील," म्हणाला. पोरगा चांगला आहे हो, साईनाथ. सून रक्षाही वाईट नाही. दोघं पुण्याला. दर रविवारी फोन येतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गॅस बंद केलास का, एवढं विचारून झालं की दोन्हीकडं बोलणं संपतं. मग साईनाथ म्हणतो, "बरं, ठेवू?" आणि सोनाबाई म्हणते, "ठेव की." ठेवू नको असं कधी म्हणाली असती तर त्यानं काय केलं असतं, हे तिनं कधी आजमावून बघितलं नाही.

गल्लीत दोन्ही बाजूंना पावरलूम. सकाळपासून खटाक-खट, खटाक-खट. इतक्या आवाजात माणसाला एकटं वाटू नये म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातंय! माग काय "सोनाबाई, चहा झाला का" म्हणून विचारतो होय? शेजारची राजाबाई येऊन विचारायची, तर तीही गेल्या वर्षी लेकीकडं सदलग्याला गेली ती तिकडचीच झाली. आठवड्यातले सहा दिवस सोनाबाई कुणाशी बोलायची, तर दूधवाल्याशी आणि देवाशी. देव तर दूधवाल्यापेक्षाही कमी बोलतो.

सातवा दिवस बेस्तरवार, म्हणजे गुरुवार. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला उद्यमबागेतून बुद्धप्रिय यायचा.

हा बुद्धप्रिय म्हणजे निपाणीच्या आण्णाप्पाचा थोरला मुलगा. बाप तंबाखूच्या वखारीत हमाल होता. मुलगा शिकला, इंजिनिअर झाला, आता उद्यमबागेत फाउंड्रीत ओतलेला माल तपासून पास-नापास करतो. पस्तिशी ओलांडलेली, बायको उपासना बँकेत, मुलगी पारमिता चौथीत. सगळं यथास्थित. पण पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि हातात एक काळी, कोपरे झिजलेली पेटी. पेटीत बापाचं क्लॅरिनेट.

आता निपाणीचं क्लॅरिनेट वडगावच्या विणकरणीकडं कसं आलं, ते सांगायला पाहिजे. परसू लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. सहा महिने माग, सहा महिने बँड. आण्णाप्पाही निपाणीच्या बँडमध्ये तेच वाजवायचा. एकदा सदलग्याच्या एका लग्नात मुलाकडच्यांनी एक बँड सांगितला आणि मुलीकडच्यांनी दुसरा. जेवणाच्या पंगतीआधी दोघं क्लॅरिनेटवाले झाडाखाली आपापली वाद्यं पुसत बसले. क्लॅरिनेट हे अखंड नसतं, पाच तुकडे एकात एक बसवायचे असतात. जिथं तुकडा तुकड्यात बसतो तिथं बुचाची पट्टी असते. ती झिजली की जोड ढिला होतो, वारा निसटतो आणि सूर फाटतो. आण्णाप्पाची पट्टी झिजून गेली होती, त्यानं तिथं वर्तमानपत्राचा कागद गुंडाळला होता. परसूच्या जोडावर बघतो तर रेशमी दोरा, मेण लावून असा बसवलेला की नखही शिरू नये.

"हे कुणी केलं?" आण्णाप्पानं विचारलं.

"बायकोनं," परसू म्हणाला. "मागाला सुताच्या कांड्या भरती ती घरात. तिच्या हातचा दोरा हलत न्हाय."

झालं, पुढच्याच आठवड्यात आण्णाप्पा पेटी घेऊन वडगावात हजर. तेव्हापासून वर्षातून एकदा, लग्नसराईच्या आधी, तो यायचा. पायरीवर बसायचा. कुणी त्याला पायरीवर बस म्हटलं नव्हतं आणि कुणी आत ये असंही म्हटलं नव्हतं. हे आता आठवलं की सोनाबाईची मान आपसूक खाली जाते. पुढं परसू गेला. त्याचं क्लॅरिनेट बँडमालकाचं होतं, ते मालक घेऊन गेला. चार वर्षांनी आण्णाप्पाही गेला. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी बुद्धप्रिय पहिल्यांदा पत्ता विचारत आला. दारात चपला काढल्या, "मावशी, आप्पांनी तुमचं नाव सांगून ठेवलंतं," म्हणाला आणि सरळ आत येऊन खुर्चीत बसला. सोनाबाईला फार बरं वाटलं.

त्या पहिल्या दिवशी तिनं पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला. "अरं, हे वाद्य हाय का उंदराचं बीळ?"

तोंडात धरायच्या तुकड्याच्या, तोंडीच्या, आत पांढरं किटण साचलं होतं. पत्ती, म्हणजे ती बोरूची चपटी काडी जिच्यावर ओठ ठेवून फुंकायचं, ती ओलीच ठेवून तिला बुरशी आली होती. चाव्यांखालच्या गाद्या चिकटून बसलेल्या. लाकूड सुकून भेगाळायच्या बेतात. सोनाबाईनं जुनी चादर अंथरली आणि बसली. तोंडी कोमट पाण्यात साबण घालून धुतली. "कढत पाणी घालू नको कधी, वाकडी होती," हे सांगत सांगत. किटणाला लिंबू लावून ठेवलं. जुन्या मऊ लुगड्याची पट्टी फाडली, तिला दोरी आणि दोरीच्या टोकाला छोटं वजन बांधलं, ते नळीत सोडून खालून ओढून घेतलं. एकदा, दोनदा, फडकं कोरडं येईपर्यंत. गादी चिकटत होती तिथं पतंगाचा कागद घालून चावी दाबली आणि हळूच कागद काढला. चाव्यांच्या बिजागरीला सुईच्या टोकानं शिवणमशीनच्या तेलाचा एकेक थेंब. लाकडाला आतून बदामाचं तेल, बोटाला लागेल न लागेल इतकंच. आणि शेवटी मधला जोड. जुना, कुजलेला दोरा खरवडून टाकला, तिपेडी रेशमाला मेण लावलं आणि दोरा बसवला. वीस वेढे जाताना, वीस येताना. चाळीस.

बुद्धप्रिय बघत राहिला. मग त्यानं ते जोडून ओठाला लावलं आणि एक सूर काढला. सोनाबाई तीस वर्षं क्लॅरिनेट साफ करत आली होती, पण तिनं कधी त्याला ओठ लावला नव्हता. बाईनं लावायचा नसतो असं परसू म्हणायचा, आणि का, ते तिनं विचारलं नव्हतं. पण नुसत्या कानानं तिला कळायचं वारा कुठं निसटतोय. त्या दिवशी कुठंच निसटत नव्हता.

"मावशी, कमाल हो तुमची!" तो म्हणाला, चहा प्याला आणि गेला.

आणि नऊ महिने आला नाही.

का येईल? चाळीस वेढ्यांचं काम, वर्षभर ढिम्म हलणार नाही. तिच्याच हातच्या कामानं तो तिच्या दारात यायचा बंद झाला. नऊ महिने सोनाबाई त्या संध्याकाळची वाट बघत होती, आणि आपण वाट बघतोय हे तिला कळलं ते तो दिवाळीत फराळाचा डबा आणि पेटी घेऊन आला तेव्हा. त्या दिवशी तो दीड तास बसला. पारमिताला शाळेत कन्नड अवघड जातंय, फाउंड्रीत नवा साहेब आलाय तो कुणाचं ऐकत नाही, आप्पा झोपेतसुद्धा बोटं हलवायचे, असं काय काय बोलला. सोनाबाईही बोलली. किती बोलली! परसू लग्नातनं यायचा आणि पेटी तिच्या हातात देऊन तसाच आडवा व्हायचा, कोगनोळीच्या पलीकडची, लांबची लग्नं असली की पहाटे परत यायचा, सगळं सांगितलं. हे ऐकणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

बोलता बोलता ती दोरा गुंडाळत होती. जाताना वीस झाले. येताना बारा झाले आणि तिचा हात थांबला.

तिनं वर बघितलं. तो मोबाईलवर बायकोला "निघतोच" म्हणून लिहीत होता. सोनाबाईनं दोरा कापला. आठ वेढ्यांची जागा रिकामी होती, तिथं मेणाचा गोळा दाबून बसवला आणि वरून अंगठा फिरवला. सपाट. बघणाऱ्याला कळणार नाही आणि जोडणाऱ्याला घट्टच लागेल. मेण झिजलं की जोड ढिला.

"घे," ती म्हणाली. "काय वाटलं तर ये हं."

तीन आठवड्यांनी, बेस्तरवारी, तो दारात उभा. "मावशी, परत ढिलं झालंय हो."

"झालं? बस, चहा टाकते."

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी म्हण आहे. इथं सोनाबाई आणि हाती मेणाचा गोळा! पण तिला हसायच्या आधी एक सांगतो. त्या तीन आठवड्यांत तिनं घर झाडलं, खुर्चीचं उसवलेलं कुशन शिवलं, चहात घालायला गवती चहाची कुंडी लावली. साठ वर्षं जिनं एक धागा ढिला सोडला नाही, तिनं आठ सोडले, ते एवढ्यासाठी. पुढं तिला चटक लागली म्हणा ना. तो तीन आठवड्यांनी यायचा, मग दोन, मग दर बेस्तरवारीच येऊ लागला, "बघा जरा, वारा जातोय का," म्हणून. ती बघायची. कधी गादी बदलायची, कधी नुसतं पुसायची, आणि मधल्या जोडाला हटकून आठ वेढे कमी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, कधी तो जोड निरखून बघू लागला की ती घाईनं चहा पुढं करायची. पण तो फाउंड्रीतला लोखंडाचा जाणकार, त्याला सुतातलं काय कळणार!

मार्च उलटला. एप्रिलच्या दहा तारखेला तो आला तो दारातूनच बोलत.

"मावशी, आज नीट बघा बरं का. चौदाला निपाणीत जयंतीची मिरवणूक. मष्णूकाकानं सांगितलंय, यंदा पुढं तू वाजवायचंस."

मष्णू म्हणजे आण्णाप्पाच्या बँडमधला ढोलवाला, आता बँडचा म्होरक्या. डीजेच्या जमान्यात यंदा त्यानं हट्टानं बँड ठेवला होता. आणि पुढं म्हणजे आण्णाप्पाच्या जागेवर. बुद्धप्रिय पाच वर्षं घरात, फाउंड्रीच्या गॅदरिंगमध्ये वाजवत होता, पण आप्पाच्या गल्लीत, आप्पाच्या माणसांपुढं कधी वाजवलं नव्हतं. त्याचा चेहरा दहावीच्या निकालाला निघाल्यासारखा झाला होता.

"सगळे तिथं आप्पाला ऐकलेले हाईत मावशी," तो म्हणाला. "मला भ्या वाटतंय."

"भ्यायला काय झालं? बस."

तिनं सगळं साफ केलं. पट्टी तीनदा ओढली. एक गादी बदलली. पत्तीचं टोक फुटलेलं दिसलं, तशी नवी घे म्हणून सांगितलं. मग जोड घेतला हातात. जुना दोरा उलगडला. वीस वेढे गेले. परत येताना एक, दोन, तीन.

बारावर ती थांबली. आता खरं सांगायचं तर तिनं विचार केला. पूर्ण चाळीस घातले तर दिवाळीपर्यंत याचं तोंड दिसायचं नाही. मिरवणूक झाली की कौतुक होईल, मग आणखी कार्यक्रम येतील, मग हा वडगावात कशाला येतोय. आणि बत्तीस वेढे दोन आठवडे टिकतातच की. आज दहा, मिरवणूक चौदाला. चार दिवसांचा तर प्रश्न. चार दिवसांत काय होतंय?

तिनं दोरा कापला आणि मेण दाबलं.

अहो, ज्या बाईनं जन्मभर सूत हाताळलं तिला एवढं उमजू नये? थंडीतलं मेण वेगळं आणि एप्रिलच्या उन्हातलं वेगळं. परसूचं क्लॅरिनेट भर वैशाखात वाजायचं, पण त्याच्यावर पूर्ण दोरा असायचा, मेण नावाला. दिवाळीपासून हे वाद्य संध्याकाळी वाजत होतं, घरात, पंख्याखाली. ते चार तास उन्हात राहणार आहे हे तिच्या ध्यानात आलंच नाही. आपल्या डोक्यात एकच गोष्ट घोळायला लागली की दुसरं काही दिसत नाही, म्हाताऱ्या माणसालाही नाही.

सतराच्या बेस्तरवारी तिनं साडेपाचला चहाचं पाणी ठेवलं. सहाला आच बंद केली. दमला असेल मिरवणुकीनं, असं मनाशी म्हणाली. चोवीसला पुन्हा पाणी ठेवलं. त्याचा नंबर तिच्याकडं होता, साईनाथनं मोबाईलमध्ये घालून दिलेला. पण फोन करून म्हणायचं काय? जोड ढिला झाला का, म्हणून? रविवारी साईनाथचा फोन आला तेव्हा तिला एकदम रडू आलं. "काय झालं?" तो घाबरला. "काय न्हाय, कांदा चिरत होते," ती म्हणाली. हेच काय ते तोंडानं बोललेलं पहिलं खोटं. म्हणजे वडगावचं आता तेवढं चुकलंच.

मे महिन्याच्या एक तारखेला, सुट्टीच्या दिवशी, सकाळी तो आला. हातात दोन पेट्या. एक जुनी, एक नवी कोरी.

बसला. तिनं विचारायच्या आधीच त्यानं जुनी पेटी उघडली. खालच्या तुकड्याला जोडापासून वीतभर चीर गेली होती, दोन चाव्या वाकल्या होत्या.

"चौकात आलो मावशी," तो म्हणाला. "तीन वाजलं होतं. गर्दी म्हणजे मुंगी शिरणार न्हाय. सगळं मस्त चाललं होतं. मष्णूकाका माझ्याकडं बघून मान हलवत होता. आणि वरचा सूर घेताना खालचा अर्धा भाग निसटला. निसटला आणि रस्त्यावर पडला. हातात नुसता वरचा तुकडा, आणि त्यातनं बदकागत आवाज."

सोनाबाईनं चिरेवरून बोट फिरवलं.

"लोक हसले. हसणारच. कुणीतरी मोबाईलवर घेतलं, ते सगळ्या ग्रुपवर फिरलं. फाउंड्रीत बी आलं." त्यानं वाकलेली चावी दाबून बघितली. "मष्णूकाका म्हणाला, आण्णाप्पाच्या हातात चाळीस वर्षं टिकलं, तुझ्या हातात एक दिवस टिकलं न्हाय."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी काय म्हणणार? माझीच चूक म्हणालो. नीट बसवलं न्हवतं म्हणून सांगितलं. आजून तेच सांगतोय सगळ्यास्नी." त्यानं नवी पेटी उघडली. काळं चकचकीत प्लास्टिकचं क्लॅरिनेट. "हे घेतलं. ह्याला काय लागत न्हाय, जोडाला रबराची कडी हाय. नळाखाली धुतलं तरी चालतंय. आणि हे जुनं तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. माझ्या बापापेक्षा तुम्हीच जास्त जपलंय."

सोनाबाई पेटीकडं बघत होती. एवढ्या वर्षांनी पुन्हा एक क्लॅरिनेट तिच्या घरात राहणार होतं. तिनं नुसतं गप्प बसायचं होतं.

"आणि मावशी," तो खाली वाकून अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. वय झालंय तुमचं. हाताला पहिल्यागत ताकद कुठली ऱ्हाणार? तुमचा काय दोष न्हाय."

सगळं सोसलं असतं तिनं. शिव्या घातल्या असत्या तर पदर डोळ्याला लावून ऐकल्या असत्या. पण हातावर आलं आणि तिला राहवेना.

"हात थकलं न्हाईत माझं," ती म्हणाली.

"आं?"

"हात धडधाकट हाईत. चाळीस वेढं घालायचं असत्यात. मी बत्तीसच घालत होते. दिवाळीपास्नं. वर मेण दाबून द्यायची, तुला कळू नये म्हणून. उन्हात मेण पघळलं, दुसरं काय न्हाय."

त्याला कळायला वेळ लागला. माल तपासणारा माणूस, पण असा माल त्याच्यापुढं कधी आला नव्हता.

"मुद्दाम?" त्यानं विचारलं.

"व्हय. मुद्दाम."

"कशाला पण?"

"तू यावास म्हणून रं."

बुद्धप्रिय उठला. दोन पावलं दाराकडं गेला, परत फिरला.

"आप्पाची सगळी माणसं होती तिथं, मावशी," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी दहा तारखेला तुम्हाला सांगितलंतं. भ्या वाटतंय म्हणून सांगितलंतं."

"सांगितलंतंस."

"आणि तरी?"

"तरी."

तो परत खुर्चीच्या कडेला टेकला. शेवटी म्हणाला, "मला सांगायचं होतं की हो. मी नुसता आलो असतो."

"नुसतं कोण येतंय रं बाबा कुणाकडं?"

त्यानं जुनी पेटी मिटली. एका हातात नवी घेतली, दुसऱ्या हातात जुनी घेतली आणि गेला. चहा तसाच राहिला. सोनाबाईला पेटीचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. गप्प बसली असती तर वाद्य घरात राहिलं असतं, रोज पुसता आलं असतं. आपल्याच हातानं तिनं ते घालवलं. पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तिला झोप लागली, हेही खरं.

आता वाटेल, झालं, संपलं. तसं नाही. बुद्धप्रिय आण्णाप्पाचा मुलगा होता. शब्द दिला की पाळायचा हे त्याच्या रक्तात.

पंधरा दिवसांनी बेस्तरवारी साडेपाचला फटफटीचा आवाज आला. तो दारात उभा, दोन्ही हात मोकळे.

"आलो," तो म्हणाला. "नुसता."

"ये की, ये!" सोनाबाई लगबगीनं उठली. तिनं खुर्ची पुसली, चहा टाकला, गवती चहाची पाती तोडून आणली. तो बसला. तीही समोर बसली.

"पारमिता बरी हाय?"

"बरी हाय. सुट्टी लागली."

"उपासना?"

"हाय की. बरी हाय."

"नवीन वाजतंय का चांगलं?"

"वाजतंय. चांगलं हाय."

एवढं झाल्यावर दोघंही गप्प झाले. सोनाबाईच्या लक्षात आलं की इतके महिने ती त्याच्याकडं न बघता बोलत होती. डोळे कामावर असायचे, हात चालू असायचे, आणि शब्द आपोआप सुटत जायचे. त्याचंही तसंच होतं. तो तिच्या हातांकडं बघत बोलायचा. आता तिचे हात मांडीवर पडले होते आणि तो त्यांच्याकडं बघायचं टाळत होता. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. त्यानं खिशातून मोबाईल काढला, बघितला, आत ठेवला, पुन्हा काढला. शेजारचा माग खटाक-खट करत होता. आप्पा झोपेत बोटं हलवायचे ही गोष्ट त्यानं तिला आधीच सांगितली होती. परसूची सगळी लग्नं तिची सांगून झाली होती. मध्ये ते आठ वेढे बसले होते, आणि त्यांच्याबद्दल दोघांनाही बोलायचं नव्हतं.

चहा संपला. तो कपाच्या तळाशी बघत राहिला. दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"निघतो मावशी," तो म्हणाला आणि उठला. दारात चपला घालताना थांबला. भला माणूस! तिच्याकडं न बघता म्हणाला, "पुढच्या बेस्तरवारी येऊ?"

सोनाबाईच्या जिभेवर 'ये की' होतं. अगदी टोकावर होतं.

"नको रं," ती म्हणाली. "पोरीला सुट्टी हाय, तिच्यासंगं बस जरा. काय काम असलं तर ये."

"बरं," तो म्हणाला.

इतक्या लगेच म्हणेल असं तिला वाटलं नव्हतं.